तिरप्या फलकाक्षरांतील देवनागरी : एक चिकित्सा

पुणे-बंगळूर महामार्गालगतची कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत अक्षरसमीक्षेचे क्षेत्र म्हणून सहसा विचारात घेतली जात नाही. वास्तविक, अक्षराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. धावत्या वाहनातूनही कारखान्याचे नाव वाचता यावे व त्यातून वेग आणि बळ यांचा प्रत्यय यावा, या दुहेरी अपेक्षेतून ठळक, रुंद, उजवीकडे कललेले सॅन्स-सेरिफ अक्षर यंत्रोद्योगाच्या जगात प्रिय झाले. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरी त्याच साच्यात बसविताना काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोमन तिरप्या अक्षराला स्वतंत्र परंपरा आहे. व्हेनिस येथे आल्डस मनुशियसने 1501 मध्ये ते ग्रंथमुद्रणात आणले. जलद हस्ताक्षर हा त्याचा आधार होता. देवनागरी मुद्रणात अशी जोड-परंपरा दृढ झाली नाही. त्यामुळे संगणक सरळ अक्षरालाच एका बाजूस ढकलून तिरपे करतो. रोमन लेखणीची जाड रेघ डावीकडून उजवीकडे उतरते, तर देवनागरी बोरूची उजवीकडून डावीकडे. अक्षर उजवीकडे कलविले की रोमनची जाड रेघ अधिक भरते. देवनागरीची मात्र बारीक होते आणि बारीक रेघ फुगते. म्हणजे लिपीचा मूळ तोलच उलटतो. शिवाय शिरोरेषा आडवीच राहते, रफार व अनुस्वार पुढे सरकतात, उकार मागे पडतात. ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ हे शब्द ठळक अक्षरांत असे कलवून पाहिल्यास हा दोष तत्काळ ध्यानी येतो.

हा दोष लिपीचा नव्हे. कमल शेडगे (1935-2020) यांनी मराठी नाटकांची शीर्षके हाताने रेखाटून देवनागरीची अभिव्यक्तिक्षमता सिद्ध केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ समूहाच्या ‘अनेक’ या 2022 मधील अक्षरसंचात दहा लिपींचा समावेश असून, सामान्य रुंदी शंभर मानल्यास त्याची रुंदी 75 पासून 125 पर्यंत बदलता येते. जाडीही अतिबारीक ते अतिठळक अशी आहे. ठळकपणा व रुंदी हे दोन प्रश्न येथे समर्थपणे सुटले आहेत. तिरपेपणाचा प्रश्न मात्र त्यात हाताळलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने 2022 मध्ये दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात दुरुस्ती करून फलकावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असे बंधन घातले. हे स्वागतार्ह होय. परंतु कायदा आकार मोजू शकतो, घडण मोजू शकत नाही. रोमन नाव कुशलतेने रेखाटलेले व शेजारचे देवनागरी नाव केवळ ढकललेले असेल, तर समान उंची असूनही मराठी अनुवादासारखी, दुय्यम भासते. नियमाचे पालन होते. हेतू मात्र निसटतो.

कोल्हापूर परिसर ओतकामासाठी ख्यातनाम आहे. साचा सदोष असल्यास धातू कितीही उत्तम असला तरी नग नाकारला जातो, हे येथील कारागिरास सांगावे लागत नाही. अक्षरालाही हाच निकष लावणे आवश्यक आहे. देवनागरीचा तिरपेपणा बोरूच्या गतीतून, शिरोरेषेशी असलेले अक्षराचे नाते जपून, नव्याने घडवावा लागेल. तोपर्यंत सुघड, सरळ, रुंद अक्षर योजणे हेच फलकासाठी अधिक प्रामाणिक ठरेल.