पिवळी भिंत आणि पाच सामने

डॉर्टमुंडच्या स्टेडियमबद्दल लिहिणारा प्रत्येक जण शेवटी दक्षिणेकडच्या स्टँडपाशी येतो. 24,454 माणसं, सगळी उभी, बहुतेक पिवळ्यात. म्हणून ती 'पिवळी भिंत'. 1974 च्या विश्वचषकासाठी बांधलेलं हे वेस्टफालेनस्टाडिओन. लीगच्या सामन्याला इथे 81 हजारांवर प्रेक्षक मावतात. आणि पुढचं वाक्य ठरलेलं: ही भिंत सामने जिंकून देते.

आमच्या जर्नल क्लबमध्ये मीही हेच आकड्यांत मांडलं. 2019-20 मध्ये कोविडमुळे लीग थांबेपर्यंत डॉर्टमुंड घरच्या मैदानावर 12 लीग सामन्यांत एकदाही हरलं नव्हतं. मे 2020 मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ सुरू झाला आणि उरलेल्या 5 पैकी 3 सामने गेले. स्लाइड झकास दिसत होती. गाइडनी एवढंच विचारलं, "एन किती?"

पाच. आणि त्या पाचांत काय आहे बघा. पहिल्याच सामन्यात शेजारच्या शाल्केला 4-0 नं हरवलं, भिंत रिकामी असताना. एक पराभव बायर्नकडून, 0-1. बायर्नकडून तर लोक भरल्या स्टेडियममध्येही हरतात. होफेनहाइमविरुद्धचा 0-4 हा मोसमाचा शेवटचा सामना, दुसरा नंबर आधीच पक्का झालेला. हेर्टाला 1-0 नं हरवलंच होतं. उरला माइंट्सविरुद्धचा 0-2. म्हणजे माझी अख्खी थिअरी एका सामन्यावर उभी होती!

प्रेक्षकांचा परिणामच नसतो, असं मी म्हणत नाहीये. अख्ख्या लीगच्या रिकाम्या सामन्यांत यजमानांचे विजय घटलेच. पण आपण तो परिणाम खेळाडूंच्या पायांत शोधतो, आणि पुरावा मात्र पंचांच्या शिट्टीकडे बोट दाखवतो. नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये टॅकलचे तेच व्हिडिओ काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह दाखवले, काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध कमी फाउल दिले. टोमास डोमेन यांनी बुंडेसलिगाचाच डेटा घेतला: यजमान एका गोलनं मागे असतील तर जादा वेळ थोडा अधिक मिळतो, आणि प्रेक्षक व मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक असेल तर पंचांचा हा कल कमी दिसतो. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण इथे स्टेडियमचा आकारच व्हेरिएबल होतो.

डॉर्टमुंडला ट्रॅक नाही, स्टँड मैदानाला खेटून आहेत. तेव्हा भिंतीचा परिणाम तपासायचा तर विजय मोजून भागणार नाही. कार्डं आणि जादा मिनिटं मोजायला हवीत, तीही अनेक मोसमांची. त्यात एक अडचण आहे. डोमेन यांचा डेटा व्हीएआरच्या आधीचा. आता कोलोनमधल्या खोलीत बसलेल्या पंचाला भिंत ऐकू येत नाही. पण जादा वेळ किती द्यायचा, हे अजून मैदानावरचाच पंच ठरवतो. मी तिथूनच मोजायला घेतलंय.