हास्केलची पॅकेजेस आणि डेबियनची शिस्त

गणितातल्या फलाला तीच संख्या दिली की उत्तर तेच मिळतं. या कल्पनेवर उभारलेल्या संगणकभाषांपैकी हास्केल ही एक. तिचा पहिला आराखडा १९९० साली प्रसिद्ध झाला. तयार फलांच्या संचांना लायब्ररी म्हणतात. डेबियन या, स्वयंसेवकांनी १९९३ पासून सांभाळलेल्या लिनक्स वितरणात हास्केलच्या लायब्रऱ्यांची पॅकेजेस कशी बनतात, ते इथे तपासू. तुमच्यापैकी कुणी पॅनडॉक वापरून मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात नेला असेल, तर हास्केलशी तुमची गाठ नकळत पडलेली आहे. (हा प्रोग्रॅम सुरू केला तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी, जॉन मॅकफार्लेन यांनी!)

सी भाषेतली लायब्ररी सहसा वेगळी ठेवतात. तिच्यात चूक सापडली तर तेवढीच बदलायची. ती वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाले की नवी प्रत घेतात. हास्केलचा जीएचसी हा कंपायलर मात्र वेग वाढवण्यासाठी एका लायब्ररीतलं लहानसं फल उचलून दुसरीच्या पोटात थेट घालतो. समजा, 'क' ही लायब्ररी 'ख' वापरते, आणि 'ख'मधल्या एका फलाची आतली एकच ओळ बदलली. फलाचं नाव तेच, वापरायची रीत तीच. तरी 'क'च्या पोटात जुनी ओळ राहू शकते. म्हणून 'क' पुन्हा कंपाइल करायची, मग 'क'वर विसंबलेली 'ग', आणि असं करत करत थेट पॅनडॉकपर्यंत जायचं.

डेबियनचा यावरचा उपाय आम्हांला आवडला. जीएचसी प्रत्येक लायब्ररीच्या बांधणीवरून एक ठसा काढतो. त्यातली पाच अक्षरं पॅकेजच्या गरजांच्या यादीत लिहिली जातात. ठसा जुळला नाही तर पॅकेज बसतच नाही. चुकीची जोडी गुपचूप बसून पुढे गोंधळ घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. तयार प्रोग्रॅममध्ये हास्केलच्या लायब्रऱ्या कायमच्या मिसळलेल्या असतात. सुरक्षेतली चूक एका जागी दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त होते, हे वितरणाचं मोठं बळ. ते इथे हातून जातं. लायब्ररी सुधारली तरी पॅनडॉक पुन्हा बांधून येईपर्यंत त्याच्यातली जुनी प्रत चालूच राहते. ठशामुळे बांधणाऱ्याचं रक्षण होतं. वापरणाऱ्याचं होत नाही.

एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली उट्रेख्ट विद्यापीठातल्या पीएच.डी. प्रबंधात वेगळी वाट मांडली: पॅकेज बांधणं हेच एक फल मानायचं. त्यांच्या निक्स या प्रणालीत प्रत्येक बांधणीची जागा तिच्या सर्व घटकांच्या ठशावरून ठरते, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदतात. पुन्हा कंपाइल करणं तिथेही चुकत नाही, आणि डिस्कवर जागा जास्त लागते. शाळेतल्या जुन्या यंत्रावर आम्ही डेबियनच बसवू. फक्त, कोणत्या प्रोग्रॅमच्या पोटात कोणती लायब्ररी, कोणत्या ठशाची, हे यंत्रापुढे बसलेल्या शिक्षकाला एका आज्ञेत दिसावं, एवढी आमची मागणी आहे.