प्लेझंट हिल येथील शेकर वसाहत : वास्तू, रोजनिशी आणि इतिहासलेखन

एखादा धर्मसमाज नामशेष व्हावा आणि त्याची घरे मात्र उभी राहावीत, असे झाले म्हणजे त्या समाजाचा इतिहास त्याच्या घरांवरून वाचला जाऊ लागतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात, हॅरड्सबर्ग या गावाजवळ, शेकर पंथीयांची प्लेझंट हिल नावाची जी कृषिप्रधान वसाहत होती, तिच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. ही वसाहत १९१० मध्ये विसर्जित झाली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि १९६८ मध्ये ती लोकांस पाहण्यासाठी खुली झाली. चुनखडीच्या दगडाची भव्य निवासगृहे, पांढरे सभागृह, भिंतींवरील लाकडी खुंट्यांच्या ओळी हे सर्व पाहून प्रेक्षक साधेपणाचा व शांततेचा संस्कार घेऊन परततो. हा संस्कार खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याला इतिहास म्हणता येईल काय, हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. प्लेझंट हिलविषयी झालेल्या लेखनात तिच्याकडे पाहण्याच्या ज्या दृष्टी आढळतात, त्यांपैकी दोन विशेष प्रभावी ठरलेल्या दृष्टींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१

प्रथम पंथाचा परिचय थोडक्यात दिला पाहिजे. १७३६ मध्ये मँचेस्टर येथे जन्मलेली ॲन ली ही या पंथाची माता. १७७४ मध्ये मोजक्या अनुयायांसह ती न्यूयॉर्क येथे उतरली व १७८४ मध्ये तिचे निधन झाले. ब्रह्मचर्य, पापनिवेदन, सामाईक मालमत्ता आणि जगापासून अलिप्तता ही या पंथाची मुख्य व्रते होत. उपासनेच्या वेळी होणाऱ्या कंपांवरून व नृत्यावरून 'शेकर' हे लोकांनी दिलेले नाव रूढ झाले. ईश्वर पितृरूप तसाच मातृरूप आहे, या श्रद्धेस अनुसरून प्रत्येक वसाहतीचा कारभार पुरुष व स्त्री अशा दोघांच्याही नेतृत्वाखाली चाले.

१८०१ मध्ये केंटकीतील केन रिज येथे धर्मजागृतीचा मोठा मेळावा भरला होता. त्याची वार्ता ऐकून न्यू लेबनन येथील मुख्य पीठाने १८०५ च्या आरंभी तीन प्रचारकांस पश्चिमेकडे धाडले. त्यांच्या उपदेशातून जी गावे उभी राहिली त्यांपैकी प्लेझंट हिल हे एक. १८०६ मध्ये ४४ प्रौढ अनुयायांनी परस्परसाहाय्याचा व सामाईक मालकीचा करार केला. १८१४ मध्ये १२८ जणांनी अधिक रेखीव अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. १८२० च्या दशकाच्या आरंभी वसाहतीची संख्या ५०० च्या आसपास पोहोचली होती. झाडू, मुरंबे व बियाण्यांच्या पुड्या घेऊन तिचे बंधू नदीमार्गाने न्यू ऑर्लिन्सपर्यंत व्यापारास जात.

हा सर्व वृत्तांत उत्कर्षाचा आहे. यापुढे भाष्यकारांच्या वाटा वेगळ्या होतात.

२

पहिली वाट समाजवाद्यांची. जॉन फिंच या ओवेनपंथी इंग्रज गृहस्थाने अमेरिकेतील वसाहतींचा प्रवास करून १८४४ मध्ये पत्ररूपाने आपला अनुभव प्रसिद्ध केला. प्लेझंट हिल पाहून तो भारावून गेला होता. त्याच्या या वर्णनाचा उपयोग तरुण फ्रीडरिख एंगल्सने १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात केला. सामाईक मालमत्तेवर समाज चालू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्याने शेकरांकडे बोट दाखवून उत्तर दिले. मात्र त्यांच्या धर्मकल्पना त्याने आनुषंगिक मानल्या. मालकी सामाईक करा, म्हणजे सुबत्ता येईल. श्रद्धा असो वा नसो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

या युक्तिवादाचे सर्वांत समर्पक उत्तर प्लेझंट हिलच्याच इतिहासात, आणि तेही एंगल्सच्या लेखाच्या वीस वर्षे आधी, मिळते. जॉन व्हिटबी नावाचा एक सभासद रॉबर्ट ओवेनच्या विचारांनी प्रभावित झाला. मालमत्ता सामाईक असावी हे त्यास मान्य होते. परंतु वरून नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांची निरपवाद सत्ता त्यास मान्य नव्हती. १८२५ मध्ये त्यास वसाहत सोडावी लागली. पुढील वर्षी ओवेनच्या न्यू हार्मनी वसाहतीतून त्याने 'ब्यूटीज ऑफ प्रीस्टक्राफ्ट' हे टीकात्मक पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे श्रद्धा वगळून सामाईक जीवन घेता येते की काय, हा प्रश्न वसाहतीच्या आतच विचारला गेला होता आणि वसाहतीने त्यास नकार दिला होता. हा नकार योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न वेगळा. एवढे मात्र स्पष्ट आहे की, धर्मशासन हे त्या मालमत्ताव्यवस्थेचे बाह्य आवरण नव्हते. किंबहुना तीच तिची तुळई होती. ती काढून उरलेले घर पाहावे, असे एंगल्स सुचवितो. पण ते घर त्या तुळईवरच उभे होते.

याच सुमारास न्यायालयीन लढाही सुरू झाला. वसाहत सोडून गेलेले सभासद आपल्या श्रमाचा व आणलेल्या मालमत्तेचा मोबदला मागू लागले. १८२८ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने सामाईक मालमत्ता धारण करणाऱ्या समाजांवर फिर्याद लावणे सुकर करणारा कायदा संमत केला. तो रद्द करण्याच्या विधेयकावर १८३१ मध्ये सिनेटर रॉबर्ट विक्लिफ याने शेकरांची बाजू मांडणारे भाषण केले. अखेर १८३४ मध्ये, गॅस व बोंटा विरुद्ध विल्हाइट या खटल्यात, राज्याच्या अपील न्यायालयाने शेकरांचे प्रतिज्ञापत्र वैध ठरविले. ज्या व्यवस्थेस एंगल्स स्वयंसिद्ध यशाचा दाखला मानतो, ती टिकली ती केवळ सुबत्तेच्या बळावर नव्हे. सहीच्या, शपथेच्या आणि निवाड्याच्या बळावर टिकली.

३

दुसरी वाट सौंदर्यवाद्यांची. तिचे प्रमुख प्रवर्तक एडवर्ड डेमिंग अँड्रूज व त्यांच्या पत्नी फेथ अँड्रूज. १९३७ मध्ये शेकरांच्या लाकडी सामानावर त्यांचा ग्रंथ निघाला. १९५३ मध्ये अँड्रूज यांनी पंथाचा सर्वसाधारण इतिहास लिहिला. १९६६ च्या 'रिलिजन इन वुड' या ग्रंथास केंटकीतीलच ख्रिस्ती संन्यासी व लेखक टॉमस मर्टन यांची प्रस्तावना आहे. शेकर कारागिराची खुर्ची ही त्याच्या श्रद्धेचेच लाकडातील रूप होय, हे या पक्षाचे सूत्र. या सूत्राने शेकरांस उपहासातून सोडविले, त्यांच्या वस्तू व कागदपत्रे नाशापासून वाचविली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि सूत्र वास्तूस लावून पाहिले म्हणजे अडचणी दिसू लागतात. सभागृहाच्या बाबतीत ते चपखल बसते. १८२० च्या या इमारतीत छताचा भार वरच्या लाकडी सांगाड्यावर तोलला आहे; त्यामुळे उपासनानृत्यासाठी एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन मिळाले. येथे श्रद्धा हीच रचनेची सूत्रधार आहे. परंतु प्लेझंट हिलची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे मायकेजा बर्नेट याने उभारलेले जुळे गोल जिने. त्यांची छायाचित्रे शेकरांच्या आत्मिक साधेपणाचे प्रतीक म्हणून छापली जातात. हे जिने आहेत कोठे? १८३९ ते १८४१ या काळात बांधलेल्या विश्वस्तांच्या कचेरीत. म्हणजे जेथे वसाहतीचे व्यापारी व्यवहार होत आणि बाहेरच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय असे, त्या घरात. बंधू-भगिनींच्या नित्य निवासात असा डौल नाही. तेथे आहेत पुरुषांचे व स्त्रियांचे वेगळे दरवाजे आणि वेगळे सरळ जिने. जगापासून अलिप्त राहण्याचे व्रत घेतलेल्या समाजाने आपले सर्वांत मनोहर शिल्प जगाच्या स्वागतासाठी राखले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हा दांभिकपणा होता असे नव्हे. कर्जाऊ माल देणारा व्यापारी आणि नुकताच खटला ऐकणारा समाज यांच्यासमोर आपली पत व प्रतिष्ठा उभी करणे, ही त्या काळी वसाहतीची गरज असावी, असे अनुमान करता येते.

मध्यकुटुंबाच्या दगडी निवासगृहाचेही तसेच. त्याचे काम १८२४ मध्ये सुरू झाले व १८३४ मध्ये संपले. हे दशक अंतर्गत कलहाचे, पंथत्यागाचे व खटल्यांचे होते. निश्चल शांततेचे चिन्ह म्हणून आपण जी भिंत पाहतो, ती अशांततेच्या काळात चढली आहे.

४

मग या वसाहतीचे आंतरिक जीवन कोठे शोधावे? शेकर हे लेखनप्रिय लोक. प्लेझंट हिलच्या रोजनिश्या मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. त्यांत हवामान, पेरणी, बांधकाम, प्रवास, आजार, मृत्यू यांच्या जोडीने एक नोंद वारंवार येते : अमुक आला, अमुक गेला. आमच्या मते या वसाहतीच्या इतिहासाचा कणा हीच नोंद होय. जेथे संतती नाही तेथे समाजाची प्रत्येक पिढी बाहेरूनच यावी लागते. अनाथ व करारपत्राने सोपविलेली मुले वाढवावीत आणि वयात येताच त्यांतील बहुतेकांनी निघून जावे, हा शेकर वसाहतींचा सार्वत्रिक अनुभव होता. ब्रह्मचर्याने वसाहत संपली, असे सोपे विधान करण्यात येते. परंतु याच व्रतासह ती शंभर वर्षे चालली. तेव्हा ती का संपली यापेक्षा ती रोज कशी राखली गेली, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

रोजनिशीत जग दाराबाहेर थांबत नाही. केंटकी हे गुलामगिरीचे राज्य. १८५९ च्या आरंभी वसाहतीने जोनस क्रचर या कृष्णवर्णीय मनुष्यास खरेदी केल्याची नोंद आहे. तो सुमारे वीस वर्षे पंथाचा अनुयायी होता व त्याच्या मालकाकडून त्यास मोलाने कामावर घेतले जात असे. ज्यांनी खाजगी मालकीचा त्याग केला होता, त्यांना आपला धर्मबंधू आपल्यात राखण्यासाठी माणसाच्या खरेदीखताचाच आश्रय घ्यावा लागला. ऑक्टोबर १८६२ मध्ये जवळच पेरिव्हिल येथे लढाई झाली. त्या दिवसांत युद्धविरोधी शेकरांनी दोन्ही सैन्यांतील हजारो शिपायांस जेवू घातले. यांपैकी कोणतीही घटना खुर्चीत किंवा जिन्यात उमटलेली नाही.

अर्थात रोजनिशी म्हणजे निर्मळ आरसा, असे मानणेही चुकीचे ठरेल. ती लिहिणारे अधिकारपदावरील किंवा त्यांनी नेमलेले लोक असत. जो गेला त्याचे कारण त्याच्या शब्दांत तेथे नसते. व्हिटबीचे पुस्तक पंथत्यागी मनुष्याचे म्हणून एकतर्फी, तशीच रोजनिशीही राहिलेल्यांची म्हणून एकतर्फी. खटल्याचे कागद या दोहोंच्या मध्ये उभे असतात; पण त्यांत भांडण तेवढे दिसते, प्रार्थना दिसत नाही. ही तिन्ही साधने वास्तूंच्या शेजारी ठेवून वाचली तरच वसाहतीचे चित्र पुरे होऊ शकते.

५

अँड्रूजप्रणीत दृष्टीचा पुनर्विचार स्टीफन स्टाइन यांच्या १९९२ च्या विस्तृत इतिहासात झाला आहे. शेकरांचे सुवर्णयुग व त्यानंतरची केवळ घसरण, ही मांडणी त्यांनी नाकारली. प्लेझंट हिलच्या अभ्यासासही हे मार्गदर्शक आहे. १९१० मध्ये उरलेल्या बारा सभासदांनी आजन्म सांभाळाच्या बोलीवर जमीन हॅरड्सबर्गच्या एका व्यापाऱ्याच्या स्वाधीन केली. शेवटच्या भगिनी मेरी सेटल्स १९२३ मध्ये वारल्या. ही वर्षे 'ऱ्हास' या एका शब्दात गुंडाळली जातात. परंतु १८०६ च्या करारात परस्परसाहाय्याचे जे वचन होते, ते शेवटच्या बारा जणांनी व्यवहाराच्या भाषेत पुन्हा एकदा लिहून घेतले, असे त्याकडे पाहता येईल. शिवाय येथील वसाहत संपली म्हणून पंथ संपला असेही झाले नाही. मेन राज्यातील सॅबथडे लेक येथे २०१७ मध्ये भगिनी फ्रान्सेस कार यांचे निधन झाले तेव्हा दोनच सभासद उरले होते. तरी तेथील उपासना थांबली नाही.

सारांश, समाजवाद्यांनी प्लेझंट हिलची तिजोरी पाहिली व सौंदर्यवाद्यांनी तिचे जिने पाहिले. दोघांनीही पाहिले ते खरे होते. परंतु दोघांच्याही चित्रांतून माणूस निसटला : येणारा, राहणारा आणि एके दिवशी गाठोडे बांधून जाणारा. धर्मसमाजाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने त्याची घरे जरूर मोजावीत. मात्र त्या घरांच्या दारांतून कोण आत आले आणि कोण बाहेर पडले, ही नोंद त्याने आधी वाचली पाहिजे.