व्रत, वेतन आणि प्राध्यापक

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या आचारधर्माविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा एकाच सुरात असते. पूर्वीचे प्राध्यापक व्रतस्थ होते, आजचे पगारी झाले. पूर्वी विद्येची उपासना होती, आता वेतनश्रेणीची आहे, असा तो सूर. नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकींतही तो ऐकू येतो आणि त्यावर सगळे माना डोलावतात. हा सूर सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्या पूर्वकाळाचा दाखला देऊन तो लावला जातो, त्या काळाचे दप्तर उघडून पाहिल्यास प्रश्न निराळ्याच ठिकाणी अडलेला दिसतो. तो कोठे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सोसायटीचे जे आजीव सदस्य होत, त्यांनी वीस वर्षे अध्यापन करण्याचे वचन द्यावयाचे आणि अल्प वेतनावर संतोष मानावयाचा, असा दंडक होता. महिना पंचाहत्तर रुपयांचा तो आकडा पुढे आख्यायिकेसारखा झाला. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले तेही त्याच वेतनावर, ही गोष्ट आपल्या वडिलांच्या पिढीने अभिमानाने सांगितलेली आहे.

परंतु याच संस्थेत, स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांत, प्राध्यापकाने आपला वेळ आणि आपली मिळकत कोठवर आपली मानावी यावरून मोठा वाद पेटला. टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सदस्याने बाहेरचे अर्थप्राप्तीचे काम पत्करू नये आणि संस्थेबाहेर मिळविलेले धन संस्थेचेच समजावे. ख्रिस्ती धर्मसेवकांच्या जेझुइट पंथातील त्यागाचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. आगरकर, गोखले आणि इतर सहकारी यांस हा अर्थ मान्य नव्हता. संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ सदस्याचा स्वतःचा आहे, तो त्याने लोककार्यास द्यावा किंवा संसाराच्या आधारास लावावा, असे त्यांचे मत. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि तेथे ठिणगी पडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणे सविस्तर लिहून संस्थेपुढे ठेवली.

या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता, हे येथे ठरविण्याचे कारण नाही. 'केसरी' चालविणे हे संस्थेबाहेरचे काम नव्हे काय, असा प्रश्न टिळकांसही विचारता येण्याजोगा होता. आणि उरलेला वेळ म्हणजे नेमका किती, या प्रश्नाचे उत्तर गोखल्यांच्या बाजूसही सहज देता आले नसते. आमचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. पंचाहत्तर रुपयांचे बंधन घालणारे आणि ते पाळणारे एकच होते. आजीव सदस्य हे संस्थेचे नोकर नव्हते, चालक होते. कोणास घ्यावे, काय शिकवावे, पैसा कसा खर्चावा, हे सारे त्यांच्या हाती होते. ते व्रत म्हणजे सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या सत्तेवर स्वतः घातलेला लगाम होता. म्हणूनच त्याचा भंग झाला की नाही यावर भांडणे शक्य झाले, आणि भांडण संपल्यावर पराभूत पक्षाने आपली कारणे लेखी ठेवून जाणेही शक्य झाले. पगार थोडा होता म्हणून ते व्रत थोर, ही आपली समजूत मूळ गोष्टीस सोडून आहे.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे मराठी कादंबरीतील प्राध्यापकाची अवस्थाही अधिक चांगली उमगते. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला'नंतर (१९६३) चांगदेव पाटील या तरुणास घेऊन चार कादंबऱ्यांची मालिका लिहिली. तीतील 'बिढार' १९७५ साली, 'जरीला' १९७७ साली आणि 'झूल' १९७९ साली आली; 'हूल' ही त्याच मालिकेतील. चांगदेव गावोगावच्या महाविद्यालयांत अध्यापक म्हणून फिरतो आणि त्याच्या डोळ्यांनी आपण संस्थाचालकांची मर्जी, जातीजातींचे गट, नेमणुकांचे राजकारण आणि वर्गातील उदासीनता पाहतो. स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली, हजारो मुलांस पदवीचे दार उघडले, हे त्या काळाचे श्रेय होय. पण ही महाविद्यालये चालविणारे निराळे आणि तेथे शिकविणारे निराळे, हा फरकही त्याच काळात पक्का झाला. नेमाड्यांचे मोठेपण असे की, त्यांनी या फरकाची माणसाच्या मनावर चढणारी पुटे दाखविली. 'झूल' हे नावच बोलके आहे. झूल बैलाच्या पाठीवर शोभेसाठी टाकतात. ती घालणारा दुसरा आणि वागविणारा दुसरा. प्राध्यापकपदाची प्रतिष्ठा आता अशी झाली आहे, असे ते नाव आम्हांस सुचविते.

तथापि या मालिकेविषयी आमची एक तक्रार आहे. चांगदेव एक नोकरी सोडतो आणि दुसऱ्या गावी जातो. त्याचे सोडून जाणे ही त्याची स्वतःची सुटका आहे. मागे राहणाऱ्यांच्या हाती तीतून काही पडत नाही. टिळकांच्या राजीनाम्याने संस्थेस उत्तर देणे भाग पडले. चांगदेव गेल्याने संस्थेस फक्त एक जाहिरात द्यावी लागते. ही कादंबरीकाराची उणीव म्हणावी की त्याने वास्तव जसे होते तसे टिपले म्हणावे, याविषयी मतभेद संभवतो. पण तिचा वाचकावर जो परिणाम झाला त्याचा विचार अवश्य झाला पाहिजे. 'व्यवस्थाच सडलेली, तेथे एकट्याने काय करावे?' हे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडी बसले, आणि जे व्यवस्थेचे बळी नव्हते तेही ते वापरू लागले.

आता नियमांकडे वळू. प्राध्यापकांस आचारसंहिता नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत व्यावसायिक नीतिसंहितेचे स्वतंत्र कलम आहे. तीत असे सांगितले आहे की, ज्या नोकरीमुळे किंवा खासगी शिकवणीमुळे कर्तव्यात बाधा येण्याचा संभव असेल ती अध्यापकाने पत्करू नये. ज्या वाचकांचे आयुष्य फायलींत गेले आहे त्यांस या वाक्यातील पळवाट दाखवावी लागणार नाही. बाधा येते की नाही हे ठरविणारा कोण, तर ज्याची शिकवणी चालते तोच. आम्हां केंद्रीय कर्मचाऱ्यांस १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांनुसार दुसरी नोकरी वा व्यापार करावयाचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. अधूनमधून वाङ्मयीन लेखन करण्याची मोकळीक तेवढी आहे, जिच्या आधारे हा लेख लिहिला गेला. सरकारी नोकर याने साधू होतो असे मुळीच नाही. पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हे दोघे निराळे असावेत, एवढे तत्त्व तरी त्यात आहे.

वाङ्मयचौर्याविषयीचे नियमही त्याच वर्षीचे. तेथे चोरी टक्क्यांनी मोजली आहे. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. साठ टक्क्यांच्या वर गेल्यास अध्यापकाच्या दोन वार्षिक वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे त्यास संशोधनाचे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मोजमाप असू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु मोजमाप आले की मापात बसविण्याची कलाही येते. २०१० च्या नियमावलीने बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली, आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधांस गुण मिळू लागले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या संशोधनपत्रिकांचे पीक त्यानंतर कसे माजले हे सर्वांनी पाहिले. पुण्याच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल ठरण्याजोग्या निघाल्या. हा अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ पत्रिका काढून टाकल्या. या पत्रिका सुचविणारे कोण होते? संस्थाचालक नव्हेत, मंत्री नव्हेत. विद्यापीठांतील विद्वानच होते.

येथे आम्ही मूळ मुद्द्याशी येऊन पोहोचतो. प्राध्यापक आज महाविद्यालयाचा धनी नाही हे खरे. पण काही जागा अशा आहेत की जेथे तो आजही धनी आहे. उत्तरपत्रिका तपासणे, प्रबंध मान्य करणे, अभ्यासक्रम ठरविणे, सहव्यवसायी म्हणून दुसऱ्या महाविद्यालयाची पारख करणे, या जागी त्याच्याशिवाय कोणाची सही चालत नाही. व्रताची कसोटी लागते ती तेथे.

अशी एक जागा आम्ही राहतो त्या बंगळूरातच आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जिला सारे 'नॅक' म्हणतात, ती १९९४ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. महाविद्यालयांच्या फाटकांवर 'ए' श्रेणीचे जे फलक झळकतात ते तिने दिलेल्या मूल्यांकनाचे. बदली होऊन नव्या गावी आलेला बाप, जवळ सांगणारे कोणी नातलग नसल्यामुळे, मुलीस कोठे घालावे हे त्या फलकांवरून ठरवितो. मूल्यांकनासाठी जाणाऱ्या समित्यांत प्रामुख्याने प्राध्यापक आणि माजी कुलगुरूच असतात. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी २०२३ च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. हे पुण्याच्या विद्यापीठातील आरोग्यविज्ञानाचे प्राध्यापक. वर सांगितलेल्या २०१८ च्या अभ्यासातही त्यांचा हात होता. हितसंबंध आणि गैरप्रकार यांमुळे काही संस्थांस शंकास्पद श्रेणी मिळत असाव्यात, अशी भीती त्यांनी लेखी व्यक्त केली होती. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकनप्रकरणी लाच घेतल्यादिल्याच्या आरोपावरून दहाजणांस अटक केली. तीत नॅकच्या पाहणी समितीचे अध्यक्ष व सदस्यही होते. रोख रक्कम, सोने, भ्रमणध्वनी, संगणक असा ऐवज सांगण्यात आला. न्यायालयात सिद्ध होईतो हे आरोपच होत, आणि त्या व्यक्तींविषयी आम्ही अधिक लिहिणार नाही. पण धोका कोठे आहे हे कळण्यास निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमचा वाचक साहित्याचा आहे. त्याने ही विज्ञानाची वा कारभाराची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. मराठी वाङ्मयव्यवहारात प्राध्यापक हा समीक्षक असतो, प्रस्तावनाकार असतो, पुरस्कार समितीवर असतो आणि अभ्यासमंडळावरही असतो. एकाच हाताने पुस्तकाची प्रस्तावना लिहावी, त्याच हाताने ते अभ्यासक्रमास लावावे आणि मग त्यावरील मार्गदर्शिकेचे मानधन घ्यावे, यात कायद्याचा भंग होतोच असे नाही. तथापि अशा तीन भूमिका एकत्र आल्या की त्या प्रस्तावनेतील स्तुतीस किंमत राहत नाही. परगावी राहून टपालाने पुस्तके मागविणाऱ्या आमच्यासारख्या वाचकास दुकानात चाळून पाहण्याची सोय नसते. तो परीक्षणावर विसंबून पैसे धाडतो. त्याची फसवणूक लहान असेल, पण ती फसवणूकच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. आज महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि कर्नाटकात अतिथी व्याख्याता म्हणून राबणारे शिक्षक फार आहेत. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे त्यास ठाऊक नाही, त्याने शिकवणी घेतली तर त्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा? आमचे उत्तर असे की, देऊ नये. व्रत हे ज्याच्या हाती काही आहे त्याचे असते. असुरक्षित माणसावर त्यागाचा उपदेश लादणे हा त्या १८९० च्या वादाचा विपर्यास होईल, कारण त्या वादात भांडणारे सारे समान अधिकाराचे होते. मागणी करावयाची ती कायम पदावरील प्राध्यापकाकडे, विभागप्रमुखाकडे, मार्गदर्शकाकडे, समितीच्या सदस्याकडे.

आणि ती मागणी फार मोठी नाही. ज्या निर्णयात आपला, आपल्या विद्यार्थ्याचा किंवा आपल्या प्रकाशकाचा संबंध आहे, तेथे तो आधी सांगावा आणि बाजूस व्हावे. जेथे समितीचा निर्णय चुकीचा वाटतो तेथे चहा पिताना कुजबुजण्याऐवजी आपले भिन्न मत कागदावर लिहावे. कचेरीत काम करणाऱ्यास या दुसऱ्या गोष्टीचे मोल ठाऊक असते. टिपणावर लिहिलेला एक प्रतिकूल शेरा त्या दिवशी बहुधा काहीच थांबवीत नाही. वरून सही होते आणि फाईल पुढे जाते. परंतु तो शेरा फायलीत राहतो, आणि पुढे कोणी चौकशीस बसला म्हणजे ते पान त्याच्या हाती लागते. टिळकांनी १८९० च्या डिसेंबरात कारणे लिहून ठेवली नसती, तर तो वाद आज आपणांस दोन मोठ्या माणसांचा रुसवाफुगवा एवढाच वाटला असता. ती लिहिली गेली, म्हणून एवढ्या वर्षांनी त्या कारणांचा आणि त्यांवरील उत्तरांचा विचार आपण करू शकतो.