मठातील मद्य आणि आपली रसना

मद्याचा विषय निघाला की आपला मराठी पांढरपेशा वाचक एकतर नीतीचा प्रश्न उपस्थित करतो, नाहीतर ओशाळे हसतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांकडून दुसरे काही अपेक्षितही नाही. परिणाम असा की, 'चढते' आणि 'कडू लागते' या दोन शब्दांपलीकडे या विषयात आपली समीक्षा गेलेली नाही.

बंगळूरच्या शिवाजीनगरात राहणाऱ्याला हे उणेपण विशेष जाणवावे. हा भाग जुन्या छावणीचा. १८०९ मध्ये येथे इंग्रजांचे लष्कर उतरले; पुढे १९१५ मध्ये थॉमस लीशमन याने दक्षिणेतील मद्यशाळा एकत्र करून 'युनायटेड ब्रुअरीज' स्थापिली आणि तिची बिअर मोठ्या पिपांतून गोऱ्या पलटणींकडे जाऊ लागली. ती शिपायाची तहान होती. अलीकडे, २०१० नंतर, शहरात जागच्या जागी बिअर तयार करणारी उपाहारगृहे निघाली व बेल्जियन पद्धतीच्या गडद बिअरची नावे त्यांच्या फलकांवर दिसू लागली. तेव्हा मूळ वस्तूचा कस पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

'ट्रॅपिस्ट' हे चवीचे नाव नव्हे. बिअर मठाच्या आवारात, संन्याशांच्या हातून वा देखरेखीखाली व्हावी आणि नफा मठाच्या निर्वाहास व दानधर्मास जावा, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचे संन्यासी निघून गेल्यावर २०२१ मध्ये आखेलच्या बिअरला हे बिरुद सोडावे लागले. आपल्याकडील अनुकरणांना म्हणून 'ट्रॅपिस्ट धर्तीची' एवढेच म्हणता येईल.

नमुन्यादाखल शिमेची निळ्या चिठ्ठीची बाटली घेऊ. स्कूरमाँचा मठ १८५० चा. तेथे १८६२ पासून बिअर होते. ही विशिष्ट बिअर प्रथम नाताळासाठी झाली. मद्यार्क नऊ टक्के. रंग काकवीचा, वर दाट बदामी फेस. वास प्रथम यीस्टचा, मग फुलांचा, मागाहून खजूर-मनुकांचा. जिभेवर करपवलेल्या साखरेचा गोडवा येतो, त्यामागे मसाल्याची किंचित चुणचुण आणि शेवटी कोरडा तुरटपणा. ही सारी शब्दसंपत्ती आपल्या स्वयंपाकघरातच होती, हे येथे ध्यानी घ्यावे.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. ते साहित्यविचारासाठी असले तरी येथे उपयोगी पडतात. खजूर आणि काकवी यांत संवाद आहे. गोडवा व तुरटपणा यांत विरोध आहे. आणि नऊ टक्क्यांची उष्णता घशाशी येऊनही चवीवर स्वार होत नाही, हा समतोल. तिचे मोठेपण या तिसऱ्या गुणात आहे. उणीव सांगायची तर रोशफोरच्या 'दहा' क्रमांकाच्या बिअरपुढे (मद्यार्क ११.३ टक्के) ती मध्यभागी काहीशी विरळ वाटते. तेथील घनता येथे नाही. उलट, पेला संपेपर्यंत जो टवटवीतपणा येथे टिकतो तो तेथे नाही.

आपल्याकडे मात्र 'स्ट्राँग' या शब्दाने घोटाळा केला आहे. २०१८ च्या अन्नसुरक्षा मानकांनी पाच ते आठ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला हे विशेषण दिले. बाजारात त्याचा अर्थ 'कमी पैशात अधिक अंमल' असाच लावला जातो. मठात ताकद हा चवीचा आधार आहे, येथे ती चवीची जागा घेते. त्यात बर्फगार वाढण्याची रीत. ही बिअर दहा-बारा अंशांवर, तळचा गाळ न ढवळता प्यावयाची. गोठवली की तिचा सुवास गेलाच म्हणावयाचे.

प्रस्तुत लेखकाचे मत असे : अनुकरण करणाऱ्यांनी मद्यार्काचा आकडा गाठण्याची घाई करू नये. सात टक्क्यांतही वेस्टमालचे 'डबल' उत्तम होते. परीक्षा समतोलाची घ्यावी, आणि ती घेताना शब्द उसने आणू नयेत.