मेलेल्या पानाचा शब्द

पत्त्यांच्या खेळांचे नियम गोळा करण्याचा नाद मला नोकरीत असतानाच लागला. सुरुवात सावंतवाडीच्या गंजिफापासून झाली. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांवर फक्त चित्रे असतात. नियम सगळा खेळणाऱ्यांच्या तोंडी. त्यामुळे जाणती माणसे गेली की पाने उरतात आणि खेळ जातो. याच्या नेमके उलटे उदाहरण मला काही वर्षांपूर्वी घरातच सापडले. मुलगा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ खेळत होता. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. यात नियम पानावरच छापलेला असतो आणि अशी वेगवेगळी पाने आज वीस हजारांहून अधिक आहेत. गंजिफाचे चित्र मुके, तर हे पान बोलके, अशी माझी पहिली समजूत झाली. ती कशी ढासळली, त्याचा हा लेख.

पहिल्याच डावात आमचे भांडण झाले. मुलाने ‘रॅव्हनस रॅट्स’ हे पान उतरवले. हे उंदीर खेळात आले की प्रतिस्पर्ध्याला हातातले एक पान टाकावे लागते. मी लगेच ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकून उंदीर मारले आणि म्हटले, “उंदीरच मेले, आता माझे पान कशाला जाईल?” तो शांतपणे म्हणाला, “आई, पान टाक.” मला हा सरळ अन्याय वाटला. मग नियमपुस्तक काढले. दोनशेहून अधिक पानांचा तो इंग्रजी ग्रंथ आहे आणि त्यातले ६०३ वे कलम या प्रकाराला वाहिलेले आहे.

उतरंड

एखादी घटना घडली की आपोआप जागी होणारी जी शक्ती, तिला खेळाडू ट्रिगर म्हणतात. अशी शक्ती वापरावी लागत नाही, घटना घडताच तिचा चाप ओढला जातो. पण चाप ओढला गेला म्हणजे परिणाम झाला असे नाही. पुढच्या वेळी कुणाही खेळाडूला काही करण्याची संधी मिळणार असते, त्याच्या आधी ती शक्ती ‘स्टॅक’वर चढते. स्टॅक म्हणजे आपल्या माजघरातली उतरंड. सर्वांत शेवटी ठेवलेले मडके सर्वांत आधी काढायचे. दोन्ही खेळाडूंनी आपापली संधी सोडली की वरचे एक मडके निकाली निघते आणि पुन्हा दोघांना संधी मिळते.

ही व्यवस्था पहिल्यापासूनची नाही. १९९९ साली सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर ती आली आणि ‘इंटरप्ट’ नावाचा पानांचा वेगळा वर्ग तेव्हाच मोडीत निघाला.

आता माझ्या उंदरांचे उत्तर मिळते. उतरंडीवर चढलेली शक्ती तिच्या उगमापासून स्वतंत्र होते. भात्यातून सुटलेला बाण धनुर्धर पडला म्हणून परत फिरत नाही, तसेच हे. मी उंदीर मारले, शक्तीला हातही लावला नव्हता.

एकाच क्षणी दोघांचे

दोघांच्या शक्ती एकदम जाग्या झाल्या तर? ज्याची पाळी चालू आहे तो आपल्या शक्ती हव्या त्या क्रमाने आधी ठेवतो, त्यांच्यावर दुसरा आपल्या ठेवतो. ‘ब्लड आर्टिस्ट’ या पानाचे उदाहरण घेऊ. ते स्वतः किंवा दुसरा कुठलाही जीव मेला की एका खेळाडूचा एक प्राणांक जातो आणि ब्लड आर्टिस्टच्या मालकाला एक मिळतो. समजा, दोघांकडे एकेक ब्लड आर्टिस्ट आहे आणि दोघांचा एकेकच प्राणांक उरला आहे. माझी पाळी आहे. मी ‘रॅथ ऑफ गॉड’ टाकून सगळे जीव एकदम मारते. माझ्या शक्ती खाली, मुलाच्या वर. वरची आधी निकाली निघते आणि मी हरते. वार मी केला, आधी ठेवण्याचा मानही माझाच, आणि मरणही आधी माझेच. हा नियम बलवान कोण ते विचारत नाही, फक्त पाळी कुणाची एवढेच पाहतो. त्याचा हा निःपक्षपातीपणा मला मान्य आहे.

शब्द की हेतू?

माझा आक्षेप पुढे सुरू होतो. २००७ सालच्या ‘ऑब्लिव्हियन रिंग’वर दोन वेगळी वाक्ये आहेत. हे पान खेळात आले की दुसरे एक पान हद्दपार करा, आणि हे पान खेळातून गेले की हद्दपार केलेले पान परत आणा. हेतू उघड आहे. कैद तात्पुरती आहे, अंगठी आहे तोवरच. पण पहिली शक्ती उतरंडीवर असतानाच मालकाने स्वतःची अंगठी काही युक्तीने खेळातून काढली, तर दुसरी शक्ती तिच्यावर चढते, आधी निकाली निघते आणि परत आणायला तिला काहीच सापडत नाही. मग पहिली निकाली निघते आणि पान हद्दपार होते. परत आणणारे वाक्य आधीच खर्ची पडलेले असते. तात्पुरती कैद जन्मठेप होते.

रचनाकारांनी यासाठी मूळ नियम बदलला नाही, पुढच्या पानांचे वाक्य बदलले. २०१३ सालच्या ‘बॅनिशर प्रीस्ट’वर “हे पान खेळातून जाईपर्यंत” असे एकच वाक्य आले. प्रीस्ट आधीच गेला असेल तर हद्दपारी होतच नाही. एका पळवाटेसाठी सगळी उतरंड हलवली नाही, हा शहाणपणा आहे. पण अंगठी जुन्याच शब्दांनिशी खेळात आहे. दोन पाने जवळजवळ एकच गोष्ट सांगतात आणि वेगळी वागतात.

‘फेलिडार सॉव्हरिन’ या पानात तर सगळा खेळ एका ‘जर’च्या जागेवर आहे. तुमच्या पाळीच्या आरंभी, जर चाळीस किंवा अधिक प्राणांक असतील, तर तुम्ही जिंकता. घटनेला लागूनच आलेला हा ‘जर’ दोनदा तपासला जातो, चाप ओढताना आणि निकाली निघताना. आरंभी ३९ असतील तर शक्ती जागीच होत नाही, मागाहून वाढवून उपयोग नाही. आरंभी ४० असतील आणि प्रतिस्पर्ध्याने मधल्या संधीत बोल्ट टाकून ३७ केले, तर विजय हुकतो. हाच ‘जर’ वाक्यात पुढे कुठे आला असता, तर फक्त निकालाच्या वेळी तपासला गेला असता. हे पानावर कुठे लिहिले आहे? कुठेच नाही.

म्हणूनच बोलके पान ही माझी समजूत चुकली. पान अर्धेच बोलते. उरलेले अर्धे त्या जाडजूड इंग्रजी ग्रंथात असते, आणि तो ग्रंथ कुणी वाचून खेळायला बसत नाही. मुलाने वाचला नव्हता, त्याला मित्रांनी सांगितले होते. ज्याच्याजवळ सांगणारे कुणी नाही, तो माझ्यासारखा अन्याय झाला असे समजून पाने मिटवून उठून जातो. नियम निःपक्षपाती असला तरी तो कळण्याची सोय निःपक्षपाती नाही, ही माझी या खेळाबद्दलची खरी तक्रार आहे.

गंजिफाच्या जाणत्यांकडे बसून जे टिपून घेतले, ते सगळे मी चित्रांपलीकडचे म्हणून टिपले होते. आता मुलगा खेळताना काय काय तोंडी सांगतो, तेही मी त्याच वहीत टिपून ठेवते आहे. मराठीत.