एकट्याचा रणपट : पटावरील युद्धखेळांचे स्मरणरंजन आणि संगणकीय युद्धखेळ

स्मरणरंजनाची चिकित्सा करताना हरवलेली वस्तू आणि हरवलेली कृती यांत भेद करावा लागतो. पटावर एकट्याने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांविषयी जे हळहळीचे लेखन होते, त्यात हा भेद बहुधा केलेला नसतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, षट्कोनी घरांचा नकाशा, जाड नियमपुस्तिका, आठवडाभर टेबलावर मांडून ठेवलेली मोहीम, यांची वर्णने त्यात प्रेमाने येतात. संगणक आला आणि हे सारे गेले, असा एकूण सूर असतो. परंतु जे गेले ते नेमके काय, हा प्रश्न त्या हळहळीत बाजूलाच राहतो.

या खेळप्रकाराची व्यावसायिक सुरुवात अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या ‘टॅक्टिक्स’ (१९५४) या खेळाने आणि पुढे १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेने केली. मांडणी दोन प्रतिस्पर्ध्यांसाठी असे. मात्र हे खेळ मोठ्या प्रमाणावर एकट्यानेच खेळले जातात, हे एसपीआय या संस्थेचे प्रमुख रचनाकार जेम्स डनिगन यांनी नोंदवून ठेवले आहे. जोडीदार मिळत नसे हे एक कारण. अनेकांना तो नकोच असे, हे दुसरे. असा खेळाडू पटाच्या एका बाजूने चाल करी, मग दुसऱ्या बाजूने. फासे तोच टाकी, फौजांच्या बळाचे गुणोत्तर तोच काढी, तक्त्यात निकाल तोच पाही. युद्धाविषयी रचनाकाराने गृहीत धरलेले प्रत्येक कार्यकारण त्याच्या हातून पार पडत असे, आणि म्हणून ते त्याला तपासता येई, नाकारताही येई. रसदीचा नियम पटला नाही तर तो बदलून मोहीम पुन्हा मांडण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

मराठी वाचकाला याचा अर्थ पानिपताच्या उदाहरणाने चटकन उमजेल. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेऊन सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. ही मोहीम पटावर एकट्याने मांडणाऱ्यास भाऊंची बाजू तर चालवावी लागेलच. पण नदी ओलांडण्याचा जुगार अब्दालीच्या वतीनेही त्यालाच, तोही मनापासून, खेळावा लागेल. अब्दालीची चाल मुद्दाम कच्ची केली तर खेळच उरत नाही. पराभूत पक्षाशी भावनेने जोडल्या गेलेल्या समाजासाठी ही साधी कसोटी नव्हे. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी यांच्या वाचनानुभवांत जो फरक आहे, त्याच्याशी या कसोटीचे नाते आहे. कादंबरी वाचकाला भाऊंच्या छावणीत नेऊन बसवते. इतिहासकार त्याला दोन्ही छावण्यांबाहेर उभा करून निर्णय तपासायला लावतो. पटावरचा एकटा खेळाडू मात्र आळीपाळीने दोन्ही छावण्यांत राहतो.

तथापि या पद्धतीतील दोषही मोठा आहे. स्वतःपासून काही लपवता येत नाही. बागपतचा उतार आपणच निवडला असेल, तर भाऊंच्या बाजूला बसल्यावर तो ठाऊक नसल्याचे सोंग किती काळ टिकणार? केवळ एकट्यासाठी रचलेल्या ‘अ‍ॅम्बुश!’ (१९८३) सारख्या खेळांनी क्रमांकित परिच्छेदांच्या साहाय्याने शत्रूला अज्ञात ठेवले खरे, पण तेथे शत्रूची बाजू खेळाडूच्या हातून गेली. आकडेमोडीचा जाच तर वेगळाच. ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ (१९७९) हा खेळ पूर्ण होण्यास सुमारे १५०० तास लागतात असे सांगितले जाते. त्याच्या आठवणी काढणारे पुष्कळ, शेवटपर्यंत खेळलेले विरळा. या पार्श्वभूमीवर १९८० मधील ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ने समुद्रात दडलेले जहाज खरोखर दडवून दाखवले, तेव्हा खेळाडूंना सुटका झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. संगणकाने काही हिरावले असा एकतर्फी निष्कर्ष येथे टिकत नाही.

हिरावले गेले ते वेगळ्या ठिकाणी. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या खेळात मराठा सत्ता स्वतंत्र पक्ष म्हणून निवडता येते. मोहीम १७०० पासून सुरू होते, वर्षाला दोन चाली मिळतात, रणांगण डोळ्यांपुढे हलते. मराठी तरुणाला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखादी तुकडी का मोडली, शेजारच्या सत्तेने तह का फेटाळला, यामागील गणित पडद्याआड राहते. खेळाडू एका बाजूचाच असतो. समोरचा पक्ष यंत्र चालवते, आणि तो तसा का वागला याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. इतर काही सत्तांच्या बाजूनेही खेळता येते, हे खरे. पण मग मराठे यंत्राकडे जातात. एकाच बैठकीत, एकाच मनाने दोघांचा विचार करण्याची सक्ती मात्र संपते.

मुंबईच्या उपनगरांत या स्मरणरंजनाचा क्रमच उलटा आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी संपले. तोवर परदेशी युद्धपट अंधेरी-मुलुंडच्या सर्वसामान्य घरात येण्याची शक्यता जवळपास नव्हती. त्याआधीच ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) सायबर कॅफेत आणि घरोघरच्या संगणकावर पोचला होता. म्हणजे येथे संगणक आधी आला आणि पट नंतर. ही पोकळी मग दिवाळीच्या किल्ल्याच्या आठवणीने भरली जाते : बोरिवली-घाटकोपरच्या चाळींत, सोसायट्यांच्या आवारांत मुले मातीचे किल्ले करीत, तोच आपला युद्धखेळ. हा दावा तपासून पाहिला तर टिकत नाही. किल्ल्यावर सिंहासनस्थ महाराज असतात, बुरुजांवर मावळे असतात, पेरलेले अळीव असते, कधी पायथ्याशी प्लॅस्टिकची मोटारही असते. वेढा घालणारा शत्रू मात्र सहसा नसतो, आणि असला तरी त्याची पाळी कधी येत नाही. किल्ला हा सुंदर देखावा आहे. त्यास युद्धखेळ म्हणणे म्हणजे जे कधी नव्हतेच त्याची आठवण काढणे होय.

या संदर्भात ब्रूस मॅन्सफिल्ड यांचा ‘गांधी’ (२०१९) हा पट लक्षणीय ठरतो. १९१७ ते १९४७ या काळातील ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लीम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष त्यात आहेत. एकटा खेळाडू एक पक्ष घेतो; उरलेल्यांचे निर्णय पत्त्यांचा एक संच ठरवतो. त्या संचाचे नाव ‘अर्जुन’. अहिंसेला स्थान देणाऱ्या खेळात हे नाव यावे, ही एक मौजच. परंतु पत्ता उघडा असतो. त्यावरील सूचना वाचून राजच्या फौजा हलवायच्या त्या खेळाडूलाच, आणि हलवताना त्या कोणत्या अटीमुळे हलल्या हे त्याला दिसत राहते. निवड प्रतिपक्षाची, हात आपले, अशी ही मधली वाट आहे. पानिपतासाठी तिचा अवलंब केल्यास बागपतचा उतार भाऊंच्या खेळाडूस आधी कळणार नाही. मात्र तो कोणत्या अटीवर झाला हे त्याला वाचता येईल, आणि १४ जानेवारीच्या दुपारी अब्दालीची राखीव फौज त्याला स्वतःच्याच हाताने पुढे सरकवावी लागेल.